चटणीच तर आहे

रात्रीचे पावणेदहा झाले असतील. ओट्यावर उद्याच्या कुरिअरची पाकिटं सील करत उभी होते, तेवढ्यात फोन वाजला. बंगळूरच्या एका बाईंचा मेसेज. आधी फोटो: सहा-सात वर्षांच्या पोराचे सुजलेले ओठ, शेजारी माझ्याच कारळ्याच्या चटणीचं पाकीट. खाली एक ओळ, "ताई, यात शेंगदाणा आहे का? डॉक्टर विचारतायत."

मी "नाही" टाइप केलं. खोटं नव्हतं ते. कारळे, लसूण, तिखट, जिरं, मीठ. शेंगदाणा नावालासुद्धा नाही. पण पाठवायच्या आधी नजर कोपऱ्यातल्या उखळाकडे गेली. आमच्या सोलापुरात शेंगा चटणी कुटायची असते. कुटता कुटता दाण्याला तेल सुटतं, चटणी उखळाला धरते, तिचा गोळा व्हायला लागतो. ती चव मिक्सरला येत नाही. त्या तेलकट उखळाला कोरडं फडकं फिरवायचं आणि त्यातच कारळे टाकायचे, हे मी सासूबाईंकडून शिकले आणि तीन वर्षं तसंच करत होते. वर अभिमानानं सांगायचेही, की आमच्या उखळाचीच चव आहे. ती चव कशाची होती ते त्या रात्री कळलं.

"नाही" खोडलं. लिहिलं, "घातलेला नाही, पण शेंगा चटणी त्याच उखळात कुटते."

पोरगं दुसऱ्या दिवशी घरी आलं. मी रात्रभर पाणीसुद्धा प्यायले नव्हते. चार दिवसांनी मुलाच्या वडिलांनी दवाखान्याचं बिल पाठवलं, 9,200 रुपये. मी निमूटपणे भरले, "चूक माझीच आहे" असंही लिहिलं. हे म्हणाले, "जाऊ दे, सुटलो. चटणीच तर आहे, बाँब थोडाच विकतेस?"

माझा भाचा वकिली करतो. त्याला सांगितलं तर तो हसला नाही. त्यानं विचारलं, "मावशी, तुझा धंदा कुणाच्या नावावर आहे?" माझ्याच. "मग ते पोरगं दगावलं असतं तर भरपाई कुणी दिली असती?" मी गप्प. प्रोप्रायटर म्हणजे धंदा वेगळा आणि मी वेगळी, असं कायदा मानत नाही. घर, एफडी, पाटल्या, सगळं त्याच एका पाकिटाच्या मागे उभं. अन्नसुरक्षा कायद्यातच लिहिलंय म्हणे, असुरक्षित अन्नानं माणूस गेला तर किमान 5 लाख, गंभीर इजा झाली तर 3 लाखांपर्यंत. शिवाय 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'उत्पादन दायित्व' नावाचं वेगळं प्रकरण आहे. वस्तू सदोष असली तर बनवणारा जबाबदार, आणि पुरेशी सूचना छापली नाही तर तोही दोषच. शिवाय ग्राहक तक्रार स्वतःच्या गावातल्या आयोगात करू शकतो. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला त्याला फीसुद्धा नाही. म्हणजे मी ऑनलाइन गुवाहाटीला चटणी धाडली, तर उद्या तारखेला गुवाहाटीला जायची तयारी ठेवायची. नवी पेठेतल्या दुकानदाराचं गिऱ्हाईक फार तर बाळीवेशीत राहतं. माझं कुठेही राहतं, आणि मी त्याचा मोठेपणा मिरवत होते: "भारतभर घरपोच".

विमा असतो हे मला माहीत होतं. आपल्याकडे आहे अशीही समजूत होती. कुरिअरवाला पाकिटामागे काही रुपये जास्त घेऊन 'इन्शुरन्स' मारतो ना! सात रस्त्यावर आमच्या गाडीचा विमा काढणारे काका बसतात, त्यांनी समजूत उतरवली. "वहिनी, ते पाकीट हरवलं तर. पाकीट पोचून माणूस आजारी पडला तर त्यात काय?" घराचा विमाही कामाचा नव्हता. तो आगीचा, भिंतींचा. आणि आम्ही स्वयंपाकघरात व्यवसाय करतो हे कंपनीला कळवलेलंच नव्हतं. मला हवा होता तो प्रॉडक्ट लायबिलिटीचा, म्हणजे त्याच 'उत्पादन दायित्वा'चा. काकांनी जन्मात एकदाच काढला होता, तोही एमआयडीसीतल्या कारखान्याचा. त्यांनी अर्ज मागवला, आणि मी आठवडाभर त्या अर्जाशी झटापट केली.

वर्षाची उलाढाल किती, कुठे कुठे माल जातो, एफएसएसएआयची नोंदणी आहे का (होती, वर्षाला 100 रुपयांची, छोट्या व्यावसायिकांची), प्रत्येक घाण्याचा बॅच नंबर ठेवता का, लेबलवर अ‍ॅलर्जीची सूचना आहे का. या शेवटच्या दोनांपुढे काय लिहायचं? बॅच नंबर म्हणजे माझ्या वहीत "मंगळवारचं तिखट" एवढंच. खरं सांगते, पॉलिसी हातात येण्याआधी त्या अर्जानंच मला अर्धं शहाणं केलं. दुसरं उखळ घेतलं. जुन्याच्या मुसळाला लाल दोरा बांधला, ते शेंगांचं. लेबलवर ठळक छापलं: 'शेंगदाणा हाताळल्या जाणाऱ्या जागेत तयार केलेले'. हे म्हणाले, त्यापेक्षा 'आम्ही जबाबदार नाही' असंच छाप ना. भाच्यानं सांगितलं, तेवढं छापून जबाबदारी जात नसते.

अर्जात एक प्रश्न होता: पूर्वी काही तक्रार, किंवा तक्रार होऊ शकेल असा प्रसंग? घरात त्यावरून चांगलीच जुंपली. "बंगळूरचं कशाला लिहितेस? पैसे दिले, मिटलं." मी लिहिलं. लपवलं असतं तर हप्ते भरत राहिले असते आणि ऐन वेळी कंपनीनं तेच काढून हात वर केले असते. तो जुना प्रसंग पॉलिसीतून वगळला, हे ओघानंच आलं.

हप्ता एका बऱ्या मिक्सरइतका बसला. वर्षाला 10 लाखांची मर्यादा, त्यातच वकिलाचा खर्च; सुरुवातीची ठरावीक रक्कम माझ्या खिशातून. बाजारात गेलेला माल परत मागवावा लागला तर तो खर्च नाही. सरकारी दंड नाही. दावा पॉलिसी चालू असतानाच यायला हवा, म्हणजे मधे एखादं वर्ष खंड पडला की मागचंही गेलं.

आणि एक अट अशी, जी वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचली: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत. म्हणजे तेव्हा ही पॉलिसी असती तर "चूक माझीच" लिहायला मला मनाई असती! मी तावातावानं भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "उखळ एकच आहे हे सांगणं वेगळं, ती माहिती झाली. डॉक्टरला ती द्यायलाच हवी. पैशाचं मात्र कंपनीला विचारून." पटलं, पण घशाखाली उतरलं असं नाही. पोराचा तसला फोटो समोर असताना कोण आधी कंपनीचं ऑफिस उघडायची वाट बघेल?

शेजारची एक जण क्रोशाचे रुमाल ऑनलाइन विकते. तिनं विचारलं, "मीपण काढू का गं?" मी नको म्हटलं. रुमालानं कुणाचा घसा सुजत नाही. पण तान्ह्या बाळांच्या टोप्यांना मणी लावायला लागलीस तर मात्र विचार कर, म्हणाले.

गेल्या दिवाळीला न्यू जर्सीहून चुलतभावाचा फोन. तिथल्या मंडळातल्या लोकांना माझी चटणी हवी, चाळीस पाकिटं, डॉलरमध्ये पैसे. मी पॉलिसी काढून बघितली. हद्द: भारत. काकांना विचारलं तर ते म्हणाले, अमेरिका-कॅनडा वगळून बाकी जग एकवेळ मिळेल, तेही जादा हप्ता भरून.

"दादा, तू जानेवारीत येतोयस ना? तुझ्या घरापुरती चार पाकिटं बॅगेत घालून ने. विकायला मी पाठवणार नाही."

"अगं, एवढं काय त्यात? चटणीच तर आहे!"

मी त्याला आधी विचारलं, तुमच्या मंडळात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कुणाकुणाला आहे? पलीकडे जरा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "थांब, विचारून सांगतो." अजून त्याचा फोन आलेला नाही.