सांगितलं म्हणजे समजलं, असं नाही



आपल्या खापरखेड्याच्या वीज केंद्रात २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० चा एक, असे मिळून १३४० मेगावॅट. तिथल्या कामाची एक गोष्ट आपण शेतकऱ्यांनी उचलावी असं मला वाटते. ती म्हणजे परमिट. मशीनवर किंवा लाइनवर काम करायचं तर काय बंद केलं, कोण काम करून राहिला, हे आधी लिहून होते. ज्यानं परमिट घेतलं त्यानं ते परत केल्याशिवाय करंट सुरू होत नाही. ‘झालं असंल काम’ म्हणून कोणी बटण दाबत नाही.

आता आपलं वावर पाहा. लाइट रात्री येते म्हणून मोटरला ऑटोस्विच. एक जण विहिरीत उतरलेला, दुसऱ्याला ते ठाऊकच नाही. लाइट आली की मोटर आपोआप चालू! माझ्याकडे एकच नियम आहे : जो मोटरला हात लावंल त्यानं तीनही फ्यूज काढून सोताच्या खिशात ठेवायचे. वर आल्यावर त्यानंच लावायचे. दुसऱ्या कोणी नाही.

फवारणीचं तर याहून नाजूक काम. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्याची कारणं बरीच होती, पण डब्यावरची सूचना फवारणाऱ्याच्या कानापर्यंत न पोचणं हेही त्यातलंच समजा. डब्यासोबतच्या कागदावर अक्षर मुंगीएवढं. म्हणून आधी रंग ओळखायला शिकवा. लाल त्रिकोण सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हे वाचता न येणाऱ्यालेही समजते.

दुसरं, मापाचं. ‘दोन झाकणं टाक’ म्हटलं तर कोणत्या डब्याचं झाकण? पंपाले की टाकीले? मी मिली सांगतो, मापाचा कप हातात देतो आणि म्हणतो, “आता तू मले सांग, काय करशीन?” मजूर मध्य प्रदेशातून आलेला असला तर हिंदीत. ‘हो भाऊ’ हे उत्तर मी धरत नाही. ‘हो भाऊ’ तर माणूस मालकाचं मन राखायलेही म्हणते.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. फवारताना डोकं दुखलं, मळमळलं, अंधारी आली, तरी मजूर बोलत नाही. काऊन? हजेरी कटंल म्हणून. त्यामुळं पंप पाठीवर घ्यायच्या आधीच मी सांगून देतो : तब्येत बिघडली तर तिथंच थांबायचं, हजेरी पूर्ण भेटंल. हे फक्त बोलून होत नाही, एकदा देऊन दाखवा लागते. तवा कुठं लोक खरं बोलतात. आणि दवाखान्यात नेताना डबा अन् कागद सोबत न्या. उतारा काय द्यायचा ते त्यावर लिहिलेलं असते.

घरीही बोलायचं. फवारणीचे कपडे बायको धुते, पण तिला कोण सांगते की हे वेगळे ठेव, हातमोजे घाल? धुऱ्यावरचं गवत कापायला शेजारीण येते, तिलेही कळलं पाहिजे. मी धुऱ्यावर काठीले लाल फडकं बांधतो अन् आदल्या दिवशी शेजारच्या काकांना फोन करतो, “काका, उद्या फवारा हाये, बैलं इकडं सोडू नका.” अर्ध्या मिनटाचं काम. त्यात जनावरही वाचते अन् शेजारही.

आपण भावाभावात, नवराबायकोत ‘त्याले समजत नाही का?’ म्हणून गप्प राहतो. नाही समजत, बाप्पा. सांगा लागते, अन् समोरच्याचं ऐका लागते.

तुमच्या वावरात कोणता नियम आहे? लिहा, बाकीच्यांनाही कामी येईल.