पाय उचलला की

मागच्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटातल्या एका वळणावर मी घाबरलो. ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलून ब्रेक दाबला आणि गाडी मागून सटकली. कठड्याच्या हातभर अलीकडे थांबलो. शेजारी ताई होती. त्यानंतर ती माझ्या गाडीत बसली नाही.

म्हणून कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर गेलो. २.१ किलोमीटरचा ट्रॅक, माझी तीच हॅचबॅक. दुसऱ्याच फेरीत वळणावर पाय उचलला आणि गाडी गर्रकन फिरली. इथे दरी नव्हती, म्हणून हसलो. शेजारी बसलेले प्रशिक्षक हसले नाहीत. त्यांनी समजावलं: पाय उचलला की वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची हलकी होतात, पकड सुटते. वेग कमी करायचा तो वळणाआधी, स्टिअरिंग सरळ असताना. आणि नजर बॉनेटपुढच्या डांबरावर नाही, वळण संपतं तिथे.

मला नवे टायर हवे होते. त्यांनी फक्त हवा तपासली. सकाळची ३२ पीएसआय तापून ३८ झाली होती. ती कमी केली. परतीआधी पुन्हा भरायला लावली, कारण टायर थंड झाल्यावर तीच हवा कमी पडते.

घरी ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तेव्हा टायर गुळगुळीत नव्हते तर."

इतके दिवस मी तिला तेच सांगत होतो.

"नव्हते," मी म्हणालो.

रविवारी ती गाडीत बसली. बेल्ट मात्र दोनदा ओढून पाहिला.