अजून एकच डाव

रत्नागिरीहून मिरजेला आलेल्या लग्नाच्या सामानात एक घडीचा लाकडी पट होता. भांडी, कपडे, शिलाई मशीन या गर्दीत तो कुणाच्या लक्षातही आला नाही. आठवड्याभरानं सामान लावताना तो हाती लागला तेव्हा आमच्यातल्या एकानं विचारलं, "हा कुणाचा?" आणि आमच्यातली एक म्हणाली, "माझा. येतं का तुम्हाला?" त्या रात्री आम्ही तीन डाव खेळलो. निकाल सांगत नाही. एवढंच सांगतो की दुसऱ्याच दिवशी आमच्यातल्या एकानं गुपचूप बुद्धिबळाचं पुस्तक विकत आणलं.

त्याला आता 14 वर्षं होतील. काळ्या घोड्याचा एक कान तुटला आहे. एक पांढरं प्यादं हरवलं, त्याच्या जागी एका रमजानपासून खजुराची बी खेळते. ती बी आठव्या घरात पोचून वजीर झाली की आमची मुलगी टाळ्या वाजवायची. हा पट घरात ठेवायचा की नाही, हा खेळ चालू ठेवायचा की कायमचा सोडायचा, असा प्रश्न कधी पडेल असं वाटलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात तो पडला. लेख दोघांनी मिळून लिहितो आहोत, कारण निर्णयही दोघांनी मिळून घ्यायचा होता आणि तो काही केल्या एकमतानं होईना.

कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई आणि घाटावरचे बहुतेक हनफी, हे वाचकांना ठाऊकच आहे. आमच्या घरात दोन्ही आहेत. आमच्यातली जी कोकणातून आली, तिला हा खेळ तिच्या अब्बांनी शिकवला. पावसाळ्यात मासेमारी बंद, शेतात पाणी, मग दुपारी पडवीत पट मांडला जायचा. अब्बांचा एकच नियम होता. अजान झाली की डाव मोडायचा. जिंकत असलो तरी मोडायचा. पोरं कुरकुरायची, पण अब्बा पट सरळ मिटून टाकायचे, आतले मोहरे खडखडत एका बाजूला जायचे, तो आवाज अजून आठवतो. आमच्यातला जो मिरजेचा, त्याच्या घरी मात्र शतरंजला मनाई होती. कॅरम चालायचा, पत्ते नाहीत, शतरंज नाही. अम्मीजान म्हणायच्या, "याच खेळात लखनौची नवाबी बुडाली." तो खेळ शिकला सांगलीला, कॉलेजात असताना. सांगलीत बुद्धिबळ न शिकता राहणंच अवघड. भाऊसाहेब पडसलगीकरांनी त्या गावाला या खेळाचं असं वेड लावून ठेवलं आहे की कट्ट्यावर चहा पिणारा माणूसही शेजारच्या डावात नाक खुपसतो.

लग्नानंतर अम्मीजाननी पट पाहिला, काही बोलल्या नाहीत. सून खेळते म्हटल्यावर मुलाला काय बोलणार?

अनेक वर्षं सगळं ठीक होतं. आठवड्यातून एखादा डाव, तोही इशानंतर, मुलगी झोपली की. भांडण झालं असेल तर त्या दिवशी खास पट मांडायचो, कारण बोलावं लागत नाही आणि समोर बसावं तर लागतं. आमच्या संसारातले बरेच अबोले त्या पटावर मिटले, हे कबूल करायला हवं.

मग 2020 आलं. दारं बंद झाली, मशिदी बंद झाल्या आणि फोनवर बुद्धिबळ आलं. ज्यांनी खेळलेलं नाही त्यांना सांगतो, फोनवरचा डाव हा पडवीतला डाव नव्हे. प्रत्येकाला तीन मिनिटं, कधी एकच मिनिट. समोर कोण आहे माहीत नाही, नाव नाही, चेहरा नाही, फक्त एक झेंडा आणि एक आकडा. जिंकलं की आपला आकडा पाच-दहानं वर जातो, हरलं की खाली येतो. हरल्यावर तो आकडा परत मिळवल्याशिवाय झोप येत नाही आणि जिंकल्यावर आज हात चांगला चाललाय म्हणून थांबवत नाही. म्हणजे थांबायला जागाच नाही. "अजून एकच डाव" हे वाक्य आमच्या घरात दिवसाला किती वेळा बोललं गेलं असेल, अल्लाहच जाणे.

आणखी एक गोष्ट आमच्या फार उशिरा लक्षात आली. आम्ही एकमेकांशी खेळणंच सोडलं होतं. एकाच पलंगावर, एकाच भिंतीला टेकून, एक ब्राझीलच्या माणसाशी खेळतोय आणि दुसरी फिलिपाइन्सच्या. पट कपाटावर गेला, त्यावर शाल आली, शालीवर सुटकेस.

आता असरची गोष्ट. हिची हकीकत थोडी लाजेची आहे, पण सांगायचं ठरवलं आहे. शाफई मसलकात असरची वेळ लवकर सुरू होते, वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी वाढली की. हनफी मसलकात ती दुप्पट व्हावी लागते, म्हणजे सुमारे तासाभराचा फरक. आमच्यातली जी शाफई, ती वर्षानुवर्षं आपल्या वेळेवर असर पढत आली. फोनवर खेळू लागल्यापासून ती म्हणू लागली, "हनफींची असर तर अजून झालीच नाही!" आणि आमच्यातला जो हनफी, त्याला कुणी शतरंजबद्दल टोकलं की तो म्हणायचा, "इमाम शाफईंकडे हराम नाही." खेळासाठी शाफई आणि नमाजसाठी हनफी, अशी सोय आम्ही दोघांनी मिळून लावून घेतली होती. दोन्ही इमामांचे डोंगराएवढे कष्ट आमच्या तीन मिनिटांच्या डावाच्या कामी आले.

जुलैमधली एक संध्याकाळ. त्याच आठवड्यात नागपूरच्या दिव्या देशमुखनं बातुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला होता. घरोघरी तीच चर्चा, आणि आमची 11 वर्षांची मुलगी सांगलीला क्लास लावा म्हणून मागे लागलेली. त्या उत्साहात आम्हीही खेळत होतो, अर्थात फोनवर. मगरिबला थोडा वेळ होता. अम्मीजानचे गुडघे धरलेले, वुजूसाठी त्यांना गरम पाणी आणि बसायला पाट लागतो. आतून हाक आली. आम्ही दोघंही म्हणालो, "आलोच." थोड्या वेळानं दुसरी हाक आली. पुन्हा दोघंही "आलोच." प्रत्येकाला वाटलं दुसरा उठेल. तिसरी हाक आली नाही, पडल्याचा आवाज आला.

मोरीतली फरशी ओली होती. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

त्या सहा आठवड्यांत दिवसातून पाच वेळा अम्मीजानचा वुजू आम्ही करून दिला. एकानं तांब्यानं पाणी धरायचं, एकीनं चेहरा, डावा हात, पाय धुवायचे, प्लास्टरवरून ओला हात फिरवायचा. फजरला सुद्धा. अम्मीजान शतरंजचं नाव काढायच्या नाहीत. पाणी कोमट आहे का, तुमची झोप झाली का, एवढंच विचारायच्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हा आम्ही ठरवलं, हा प्रश्न नीट विचारायचा. आमच्या मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांकडे गेलो. त्यांनी आधी चहा पाजला आणि मग शांतपणे सांगितलं. हा खेळ अरबांकडे इराणच्या विजयानंतर पोचला, म्हणून पैगंबर (स.) यांच्याकडून खुद्द शतरंजबद्दल भक्कम सनदीची हदीस मिळत नाही. नर्दबद्दल, म्हणजे फाशांच्या खेळाबद्दल, सहीह मुस्लिममध्ये कडक इशारा आहे आणि पुष्कळ फुकहांनी शतरंजला त्याच्या शेजारी बसवलं. हजरत अली (र.) यांनी शतरंज खेळणाऱ्यांना टोकल्याची रिवायत आहे, तिच्या सनदीवर मात्र मुहद्दिसांनी चर्चा केली आहे. हनफी उलमांच्या मते मकरूह तहरीमी, म्हणजे हरामच्या अगदी लगतचा. इमाम शाफईंनी त्याला नापसंत केलं पण हराम ठरवलं नाही, कारण फासे नशिबावर पडतात आणि इथे डोकं चालवावं लागतं. सईद बिन जुबैर यांच्यासारखे ताबिई पटाकडे पाठ करून, न पाहता खेळत, अशीही रिवायत सांगितली जाते. पैशाची पैज आली, नमाज गेली, किंवा तोंडून वाईट शब्द निघाले, तर मग शाफईंकडेही सुटका नाही.

"माझं मत विचाराल तर सोडा," मौलाना म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "पण तुम्ही मला विचारायला आलात की स्वतःला?" त्यांनीच मोजदाद करायला सांगितली. सूरह अल्-माइदामध्ये जुगाराला मनाई करताना जी कारणं आली आहेत, त्यांत नमाजपासून रोखणं हेही आहे. तुमचा खेळ जुगार नाही, ठीक, पण तो काय काय रोखतो ते 40 दिवस लिहून काढा, असं त्यांचं म्हणणं.

रत्नागिरीला अब्बांना फोन केला. आम्हाला वाटलं ते शाफई बाजू मांडतील. ते म्हणाले, "अगं, मी अजानला पट मिटायचो तो कशासाठी? तुम्हाला खेळ शिकवायला नव्हे, मिटायला शिकवायला." फोन ठेवल्यावर आमच्यातली एक बराच वेळ गप्प होती.

वही घातली. चार रकाने: तारीख, किती वेळ, नमाजचं काय झालं, आणि चौथा रकाना आमच्यातलीनं वाढवला, "हाक". म्हणजे खेळताना घरातल्या कुणी हाक मारली आणि आपण "एक मिनिट" म्हणालो, अशा वेळा. कपाटावरचा पटही मुद्दाम खाली काढला, तुलना व्हावी म्हणून. 40 दिवसांचा हिशेब असा निघाला: फोनवर दोघांचे मिळून 71 तास, पटावर 9 तास. नमाज शेवटच्या वेळेला ढकलली गेली 23 वेळा, त्यातल्या 21 फोनमुळे. चार फजर कजा, चारही फोनच्या रात्रीनंतर. आणि हाका 46. त्यातल्या 19 मुलीच्या. आम्ही मोजतोय हे माहीत असताना, म्हणजे स्वतःला आवरून धरलेलं असताना, हे आकडे. मुलीनं वही वाचली आणि विचारलं, "मी इतक्या वेळा हाक मारली? मला वाटलं जास्त असेल."

त्या दिवसांत आम्ही मीर सुलतान खान यांच्याबद्दल वाचत होतो. पंजाबातल्या सरगोधा भागातला हा माणूस देशी पद्धतीचा खेळ शिकलेला. त्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं आणि राजा एकदा घोड्यासारखा अडीच घरं उडी मारू शकतो. उमर हयात खान या जमीनदारानं त्यांना इंग्लंडला नेलं. तिथे 1929, 1932 आणि 1933 मध्ये त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं, हेस्टिंग्जला कापाब्लांकाला हरवलं, आणि मग गावी परतून स्पर्धांपासून दूर शेतीत राहिले. मुलांना त्यांनी हा खेळ शिकवला नाही, त्यापेक्षा उपयोगाचं काहीतरी करा म्हणाले, अशी नोंद आढळते. आमच्यातला एक म्हणाला, "बघ, एवढा मोठा खेळाडूसुद्धा सोडतो." आमच्यातली म्हणाली, "आणि फातिमा?" त्याच जमीनदाराच्या घरात काम करणाऱ्या फातिमानं 1933 मध्ये ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकलं होतं. तिचं पुढे काय झालं ते कुणाला फारसं ठाऊक नाही. "आपल्या मुलीला शिकवू नका म्हणताना हे नावही लक्षात ठेवा," ती म्हणाली. दोन्ही उदाहरणं एकाच घरातली. त्यांतून आमचा निकाल लागला नाही.

फोनचा निकाल मात्र वहीनं लावला. 41व्या दिवशी दोघांनी एकमेकांच्या फोनवरून तो खेळ काढला, स्वतःच्या हातानं काढवेना म्हणून. पहिले आठ-दहा दिवस बोटं आपोआप त्या जागी जायची. आमच्यातला एक एकदा चोरून परत सुरू करताना पकडला गेला, हेही लिहून टाकतो.

पटाबद्दल मतभेद आहे. आमच्यातला एक म्हणतो, मौलाना सोडा म्हणाले, हनफी आहे तर सोडावंच, आणि तो स्वतः गेले दोन महिने खेळलेला नाही. आमच्यातली म्हणते, अब्बांच्या नियमानं खेळायचं, अजान झाली की मिटायचा, आणि आपल्या असरच्या वेळेलाच असर पढायची. ती ते पाळतेय. समोर खेळायला आता मुलगी असते. मुलीला रविवारी सकाळी सांगलीच्या क्लासला सोडतो आणि जोहरच्या आत घरी आणतो. यावर दोघांचं एकमत झालं ते तिच्या रडण्यामुळे झालं की विचारानं झालं, हे खरं सांगणं कठीण आहे. रमजान संपला की पुन्हा बसून बोलायचं ठरलं आहे. तोवर जो खेळत नाही त्यानं टोमणे मारायचे नाहीत आणि जी खेळते तिनं आग्रह करायचा नाही.

गेल्या शुक्रवारी मुलगी खजुराच्या बीचा वजीर करण्यापासून एका चालीवर होती आणि असरची अजान झाली. तिनं आईकडे पाहिलं, मग बापाकडे. बाप पेपरात तोंड घालून बसला होता, पण त्याचं लक्ष पटावरच होतं, हे आमच्यापैकी दोघांनाही माहीत आहे. मग मोहरे खडखडत एका बाजूला गेले.

मगरिब जवळ आली. अम्मीजानचं पाणी तापायला ठेवलं आहे, त्यांची हाक यायच्या आत न्यायला हवं, म्हणून इथे थांबतो.