नातवाचा ट्रक, तीन इंच वर

अमेरिकेत ज्याला ट्रक म्हणतात तो आपला ट्रक नव्हे. आपल्याकडे ट्रक म्हटलं की दहा चाकं, मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ आणि शेजारी क्लीनर. तिकडे पुढे छोटी केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी, म्हणजे आपला पिकअप, तोच ट्रक. टेक्सासमध्ये डॉक्टरपासून सुतारापर्यंत कोणाच्याही दारात तो उभा दिसतो. ह्यूस्टनला मुलीकडे सहा महिने राहायला गेलो तेव्हा तिच्याही दारात एक होता. २००३ सालचा, रंग उडालेला, अठरा वर्षांच्या नातवाने दोन उन्हाळे काम करून साठवलेल्या पैशांतून घेतलेला. कंपनीचं नाव सांगत नाही. मासिकातून फुकट जाहिरात कशाला?

नातवाला तो ट्रक ‘उचलायचा’ होता. आणि घरात त्यावरून दोन महिने अबोला चालू होता.

उचलायचा म्हणजे काय, ते आधी सांगतो. या गाड्यांची रचना दोन वेगळ्या भागांची असते. खाली लोखंडी शिडीसारखी चासी. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, पाटे, पेट्रोलची टाकी हे सगळं तिला टांगलेलं. तिच्यावर केबिन आणि हौदा रबराच्या गाद्यांवर ठेवून बोल्टने आवळलेले. बॉडी लिफ्ट करायची म्हणजे त्या गादीच्या आणि बॉडीच्या मध्ये कडक ठोकळे घालायचे आणि जुन्या बोल्टच्या जागी तेवढेच लांब नवे बोल्ट टाकायचे. केबिन आणि हौदा तीन इंच वर जातो. चासी जिथल्या तिथे राहते. त्यामुळे गाडीच्या पोटाखालची जागा या कामाने सुताएवढीही वाढत नाही. वाढते ती चाकाच्या वरची. तिथे मोठा टायर मावतो. हौशी पोरांना हवा असतो तो टायरच.

माझं सगळं आयुष्य चासीवर बॉडी बसवण्यात गेलं. एस.टी.च्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत मी नोकरी केली. कारखान्यातून उघडी चासी यायची. तिच्यावर ना छप्पर, ना दार; ड्रायव्हर डोक्याला टॉवेल गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून, धुळीने माखून तिला चालवत आणायचा. आमच्याकडे तिच्यावर सांगाडा चढायचा, ॲल्युमिनियमचे पत्रे लागायचे आणि ती लाल बस होऊन बाहेर पडायची. चासी आणि बॉडी यांच्यामध्ये काय घालावं, किती आवळावं, कुठे करकर येते, हे हाताला ठाऊक आहे. तेव्हा नातवाने जेवणाच्या टेबलावर ‘बॉडी लिफ्ट’ हा शब्द काढला आणि जावई ताट सरकवून उठले, तेव्हा मला शब्द नवा होता, काम नव्हतं.

जावयांचा राग ट्रकवर नव्हताच. ते संगणकातले इंजिनिअर. खेडच्या घरातून निघून इथवर पोहोचले, ते कंदिलात अभ्यास करून. मुलाला चांगल्या विद्यापीठात प्रवेश मिळण्यासारखे गुण आहेत, आणि मुलगा म्हणतो की मला डिझेल मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करायचा आहे. ट्रक हे त्या भांडणाचं दिसणारं टोक होतं. मुलगी मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, “अब्बा, तुम्ही त्याला समजवा. तुमचं ऐकेल तो.” म्हणजे मेकॅनिकने जाऊन नातवाला सांगायचं की बाबा, मेकॅनिक होऊ नकोस. मला हसू आलं आणि थोडं लागलंही.

पण तिची भीती मी खोटी मानत नाही. आपल्या वस्त्यांमधली गॅरेजं आठवा. सातवी-आठवीतून शाळा सुटलेली किती पोरं तिथे गाडीखाली पडलेली असतात! उस्तादाच्या शिव्या खात, डिझेलने हात धूत मोठी होतात. त्यांनी ते काम निवडलेलं नसतं. दुसरं काही समोर नसतं म्हणून ती तिथे असतात. त्या पोरांकडे बघून ‘हाताच्या कामाला किती बरकत’ असं म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. मी माझ्या मुलीला शिकवलं ते माझ्या नखांतलं ग्रीस तिच्या वाट्याला येऊ नये म्हणूनच. आता तिचाच मुलगा ते ग्रीस हौसेने मागतो आहे, तेही गणितात पहिला येऊन. मी त्याला काय समजवणार?

मी एवढंच म्हणालो, “आधी सामान दाखव.”

त्याने गॅरेजमध्ये एक खोकं उघडलं. कोणाकडून तरी अर्ध्या किमतीत घेतलेला जुना संच. ठोकळे चांगले होते, चिरा नव्हत्या. पण बोल्ट चार तऱ्हेचे. मी त्याला चष्मा लावून बोल्टची डोकी वाचायला शिकवलं. इंची बोल्टच्या डोक्यावर सहा रेघा म्हणजे पक्का, तीन रेघा म्हणजे मध्यम, कोरं डोकं म्हणजे साधं लोखंड. मिलिमीटरच्या बोल्टवर ८.८ किंवा १०.९ असा आकडा ठोकलेला असतो. त्याच्या खोक्यात दोन डोकी कोरी होती. केबिन तीन इंच वर गेली की बोल्टवर ताण जास्त येतो, कारण ब्रेक दाबला की वरचं वजन पुढे ढकलतं आणि लांब बोल्ट तेवढाच जास्त वाकू पाहतो. कोरी डोकी मी वेगळी काढून खिशात टाकली.

दुसरी गोष्ट मोठी होती. संचात स्टीअरिंगचा जोडतुकडाच नव्हता. स्टीअरिंगच्या दांड्याचं वरचं टोक केबिनमध्ये आणि खालचं चासीवरच्या पेटीत. केबिन वर गेली की दांडा ओढला जातो. नातू म्हणाला, “नाना, तो सरकतो ना, लांब होतो.” बरोबर आहे, तो दांडा एकात एक बसलेला असतो, ओढला की लांबतो. पण लांबतो म्हणजे आतली पकड तेवढी कमी होते. खडूने खूण करून मी त्याला दाखवलं की आत किती दांडा उरेल. तो गप्प झाला. मग म्हणाला की काही जण ठोकळ्यांच्या ऐवजी बर्फावरच्या हॉकीच्या रबरी चकत्या एकावर एक रचतात, स्वस्तात काम होतं. हे खरं आहे, तिकडे तसं करणारे आहेत. मी म्हटलं, “एकावर एक तीन चकत्या म्हणजे ताटल्यांची चळत. मधली सरकली की कुठे जाशील?”

येत्या शनिवारी मित्रांबरोबर गॅल्व्हेस्टनच्या किनाऱ्यावर जायचं ठरलं होतं. त्याला तोवर ट्रक उंच हवा होता. जोडतुकडा यायला दहा दिवस लागणार होते. “त्याशिवाय मी पाना उचलणार नाही,” एवढं सांगून मी अस्रच्या नमाजला गेलो. परत आलो तेव्हा तो गाडीखाली होता. मनात धस्स झालं. पण तो बोल्टवर गंज सुटायचं तेल मारत होता. दहा दिवस रोज संध्याकाळी मारत राहिला. त्या दहा दिवसांत मला त्याच्याबद्दल जे कळायचं ते कळलं.

जोडतुकडा आणि नवे बोल्ट आले. काम दोन दिवसांचं, उन्हामुळे तीन दिवसांचं झालं. आधी बॅटरीची ऋण वायर सोडली. स्टीअरिंग सरळ करून पट्ट्याने बांधून टाकलं, कारण दांडा सोडल्यावर चाक कोणी गरगर फिरवलं तर आतली एअरबॅगची गुंडाळलेली पट्टी तुटते. मग चासीकडून बॉडीकडे जाणारं जे जे आहे त्याचा शोध: ब्रेकच्या नळ्या, अर्थिंगच्या वायरी, हँडब्रेकची केबल, गिअरची केबल, पेट्रोल भरायच्या तोंडाची नळी. प्रत्येकीला तीन इंचांची ढील आहे का, हे हाताने बघायचं. अर्थिंगची एक वायर आखूड निघाली, ती बदलली. रेडिएटर बॉडीबरोबर वर जातो आणि पंखा इंजिनबरोबर खालीच राहतो. म्हणून पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं पट्ट्या लावून खाली आणावं लागतं, नाहीतर पहिल्याच वेळी इंजिन सुरू केल्यावर पाती त्याच्यावर आपटतात.

सगळे बोल्ट आधी सैल केले. एका बाजूचे पूर्ण काढले, दुसऱ्या बाजूचे सैल ठेवले. जॅकच्या डोक्यावर जाड लाकडी फळी, म्हणजे पत्रा चेपत नाही. एक बोल्ट काढताना वरचा नट आतल्या आत फिरायला लागला, आणि त्या एका बोल्टने पूर्ण दुपार खाल्ली. शेवटी केबिनमधला गालिचा उचलून वरून नट धरावा लागला. नातू गॅसची ज्योत आणायला निघाला होता. रबर, गालिचा आणि पेट्रोलची नळी हातभर अंतरावर असताना ज्योत कशाला, म्हणून थांबवलं.

एक नियम मी तीन दिवस जपला. बॉडी आणि चासी यांच्यामध्ये बोट घालायचं नाही. ठोकळा काठीने सरकवायचा. दापोडीला असताना एका हाताला चारच बोटं असलेले सहकारी मी पाहिले आहेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जावई बाहेर आले. काही बोलले नाहीत. अंधार पडत होता, त्यांनी बॅटरी धरली. नातू जमिनीवर खडूने हिशेब करत होता. मूळ टायर २९ इंचाचा, त्याला ३३ चा हवा होता. मी विचारलं होतं, काटा ६० मैल दाखवेल तेव्हा गाडी किती धावत असेल? टायर मोठा, म्हणजे एका फेऱ्यात अंतर जास्त. काट्याला ते कळत नाही. नातवाने ६० ला ३३ ने गुणलं, २९ ने भागलं: ६८. जावई बॅटरी धरल्या धरल्या म्हणाले, “आणि ३१ चा घातला तर ६४. शिवाय ३३ च्या टायरने ॲक्सल दोन इंच वर जाईल, बॉडी तीन इंच आधीच वर, म्हणजे डोकं पाच इंच वर. वळणावर काय होईल?” मुलगा म्हणाला, “कलंडायला सोपी होईल.” दोन महिन्यांत त्यांचं हे पहिलं सलग बोलणं. मी मगरिबला जायचं निमित्त केलं आणि मुद्दाम उशिरा परतलो. तोवर ३१ वर तडजोड झाली होती.

सगळ्यात शेवटी हेडलाइट खाली वळवून घेतले. गाडी उंच झाली की तिचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बंपर चासीवरच राहिल्यामुळे खाली लोंबल्यासारखा दिसत होता. त्याचे ब्रॅकेट बदलून वर घेतला. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून कुठे घासत नाही ना, हे तीनदा पाहिलं.

हे वाचून कोणी आपल्या बोलेरोला ठोकळे घालायला निघू नये. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे; कंपनीने दिलेल्या तपशिलात न बसणारे बदल गाडीत करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. टेक्सासमध्ये तर खासगी गाड्यांची दरवर्षीची सुरक्षा तपासणीच १ जानेवारी २०२५ पासून बंद झाली. म्हणजे बोल्ट पक्का आहे की कोरा, हे बघायला तिथे सरकारचा माणूस येत नाही. घरातल्यांनीच बघायचं.

ट्रक तयार झाला, सगळे कौतुकाने भोवती फिरले, आणि नातवाची नानी त्यात चढेना. तिच्या गुडघ्यांना पूर्वीचीच पायरी जड होती. ती शांतपणे म्हणाली, “मला आता जुम्याला मशिदीत कोण नेणार?” पोराचा चेहरा पडला. पुढच्या शनिवारी त्याने दोन्ही बाजूंना पाय ठेवायची फळी बसवली, आणि दाराच्या आत धरायला दांडी. बोल्ट दाखवायला स्वतःहून आणले. सहा रेघा.

कोर्सचं अजून ठरलेलं नाही. दोन्हीकडे अर्ज गेले आहेत. मी जावयांना एवढंच म्हटलं, “दोन वर्षं शिकून पाना धरणारा आणि शाळा सोडून पाना धरणारा, यांत फरक आहे.” ते म्हणाले, “अब्बा, फरक मला कळतो. लोकांना कळत नाही.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पाचशे मैल झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, कारण ठोकळे आणि रबर जरा बसतात. तोवर मी चिपळूणला परतलो होतो. एका रात्री फोन आला, दोघंही गाडीखाली होते. चौदापैकी दोन बोल्ट पाव फेरा फिरले, असं नातवाने सांगितलं. मग जावयांचा आवाज आला, “अब्बा, हा आता मागचे पाटे बदलायचं म्हणतोय. खर्च किती येईल?”