शेपूट ठेवू की कापू?

पुण्यात खरेदी म्हटलं की आपल्याला आठवतो लक्ष्मी रोड. साड्या, सोनं आणि सणासुदीची तोबा गर्दी. पण हाच रस्ता पूर्वेकडे जिथे संपतो, तिथे क्वार्टर गेटच्या आसपास एक वेगळीच दुनिया सुरू होते. नाना फडणवीसांच्या नावाची नाना पेठ. बाइकवाल्यांची पंढरीच म्हणा ना! दुकानाबाहेर तोरणासारखे टांगलेले आरसे, हारासारखे लटकलेले क्लच वायर, सीट कव्हरचे ढीग आणि हवेत ग्रीसचा वास. गल्लीत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, ‘बोला, कुठली गाडी?’

माझी गाडी क्लासिक ३५०. आणि माझा प्रॉब्लेम तिची शेपूट.

शेपूट म्हणजे मागचं लांबलचक मडगार्ड. त्यावर टेल लॅम्प, इंडिकेटर, नंबर प्लेट असा सगळा संसार. हे मागून आखूड कापायचं, मागची सीट काढायची, की गाडी एकदम ‘बॉबर’ दिसते. चाक मोकळं, सीट एकटी, लूक कातिल! ही फॅशन तशी जुनी. अमेरिकेत १९३०-४०च्या दशकांत पोरांनी गाडी हलकी करायला मडगार्ड छाटायला सुरुवात केली. शेपटी आखूड केलेल्या घोड्याला तिकडे बॉबटेल म्हणतात, त्यावरून बॉबर. आपल्याकडे २०१८ मध्ये जावानं पेराक जाहीर केली. थेट फॅक्टरीतून एकाच सीटची. तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये जो तो ग्राइंडरकडे बघायला लागला. मीही.

नाना पेठेत मी ज्यांच्याकडे गाडी देते, त्यांना सगळे चाचा म्हणतात. मी मोबाइलवरचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून शांतपणे पाहिले. मला वाटलं, आता रेट सांगतील. चाचांनी विचारलं, ‘ताई, मागं कोण बसतं?’

मी म्हटलं, ‘बसतं कुणीतरी. का?’

‘तसं नाही. कापायला दीड तास लागतो. पण मागं कोण बसतं ते आधी सांगा.’

मग त्यांनी गाडीभोवती फिरून पाठच घेतला. टेल लॅम्पची वायर मडगार्डच्या आतून जाते, ती नव्यानं न्यावी लागणार. पत्र्याची कड दुमडलेली असते म्हणून तो ताठ राहतो. ती कड कापली की पत्रा थरथरतो, पुढेमागे तडा जातो, आणि कापलेल्या जागी पहिला गंज धरतो. मडगार्ड खाली ओढून बसवलं तर खड्ड्यात शॉकअप दबल्यावर टायर घासतो. शिवाय हल्लीची नंबर प्लेट! १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट असते. तिचं लॉक एकदा काढलं की तुटतंच, पुन्हा वापरता येत नाही. शेवटी चाचांनी डाव्या बाजूच्या साडी गार्डवर टिचकी मारली. ‘हे पण जाणार.’

‘विचार करून सांगते,’ म्हणत मी निघाले.

दुसऱ्या दिवशी ग्रुपची राइड होती. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशीचं धरण आणि पुढे ताम्हिणी. ज्यांनी हा रस्ता जुलैत केला नसेल त्यांनी जरूर करा. धबधबे जवळपास अंगावर येतात आणि ढग हेल्मेटमध्ये घुसतात. माझ्यापुढे आमच्यातला एक जण नुकतीच शेपूट कापलेल्या गाडीवर होता. दिसत होता भारीच, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या चाकानं उडवलेला चिखलाचा फवारा सरळ माझ्या व्हायजरवर. मी अंतर वाढवलं, तरी तेच. चहाला थांबलो तेव्हा त्याच्या जॅकेटवर कमरेपासून मानेपर्यंत तांबडा पट्टा उमटला होता. सगळे हसले, तोही हसला. म्हणाला, ‘एकटाच असतो ना मी. चालतंय.’

बरोबर होतं त्याचं. तो एकटा असतो. मी नसते.

माझ्या मागे आई बसते. साडी नेसून, एका बाजूला पाय सोडून, एक हात माझ्या खांद्यावर. गुडघ्यांमुळे तिला दोन्हीकडे पाय टाकून बसता येत नाही. दर संकष्टीला सारसबागेचा गणपती, महिन्यातून एकदा मावशीकडे. बाबा गेल्यापासून तिचं बाहेर पडणं माझ्या मागच्या सीटपुरतंच उरलंय.

घरी आल्यावर तिला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, ‘काप की, तुला आवडतंय तर. मी रिक्षानं जाईन.’

ती रिक्षानं जाणार नाही, हे मला माहीत आहे. ‘आज राहू दे’ म्हणेल. मग पुढच्या संकष्टीलाही राहू दे.

गंमत म्हणजे कायद्यालाही चाचांचाच प्रश्न पडलाय. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ काढून बघा. मोटारसायकलला धरायला हँडग्रिप हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा आणि मागचं निम्मं चाक तरी झाकणारं संरक्षण हवं. कशासाठी? मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून! साडी गार्ड म्हणजे आपल्या आयांसाठी लिहिलेला नियम. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या नोंदींशी विसंगत बदल चालणार नाहीत. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बेकायदा बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. मागची सीट कायमची काढली, तर आरसीवरच्या ‘आसनक्षमता २’ चं काय सांगणार?

म्हणून मी शेपूट ठेवली. बॉबर मला आजही आवडतो. फॅक्टरीतून तसाच आलेला बॉबर बघितला की मान वळतेच. फक्त त्याची चेसी, मडगार्ड, वायरिंग सगळं एकट्यासाठीच आखलेलं असतं. माझं तसं नाही. चाचांकडून मी दोन्ही सीटना टॅन रंगाची नवी कव्हरं शिवून घेतली आणि मागच्या सीटचा फोम जरा जाड करून घेतला.

तुम्हीही नाना पेठेत जाणार असाल तर गाडी लांब लावा आणि गल्ल्या पायी फिरा. तीन दुकानांत भाव विचारा. नट-बोल्टनं लागतं आणि निघतं तेवढंच आधी करा. आणि ग्राइंडर सुरू व्हायच्या आधी चाचांचा प्रश्न स्वतःला विचारा. मागे कोण बसतं? उत्तर ‘कुणीच नाही’ असेल, तर थोडं थांबा. उद्या कुणी बसणार असेल, तर?