प्रश्नावली घेऊन कोण जातो

पीएच.डी.ला नोंदणी झाली तेव्हा अब्बांनी मोहल्ल्यात पेढे वाटले आणि पोरगा डॉक्टर होणार म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेजारची खाला गुडघे दाखवायला आली. मी तिला म्हणालो, खाला, माझं सामाजिक मानसशास्त्र आहे, माणसं एकमेकांबद्दल काय विचार करतात ते मोजायचं. ती म्हणाली, "वो तो दिखताइच है बेटा, उसमें मोजने का क्या?"

घर बीडला, विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरला. यूजीसीच्या 2009 च्या नियमांनी कोर्सवर्क सक्तीचा केलेला, त्यामुळे खोली शोधणं आलं. फोनवर खोली रिकामी असायची. नाव सांगितलं की भरायची. त्याच महिन्यात वर्गात लापिएरचा अभ्यास शिकवला गेला. हा अमेरिकी प्राध्यापक 1930 नंतरची दोन वर्षं एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकेत फिरला. अडीचशेहून जास्त हॉटेलं आणि खाणावळी झाल्या, नकार फक्त एका ठिकाणी मिळाला. नंतर त्याच जागांना पत्रानं विचारलं, चिनी गिऱ्हाईक चालेल का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी नाही कळवलं. म्हणजे कागदावर नाही आणि दारात हो. माझ्या बाबतीत उलटं चाललेलं, आणि परीक्षेत मात्र लापिएरच लिहायचा होता.

विषय घेतला सामाजिक अंतराचा. बोगार्डसने 1925 मध्ये त्याची एक शिडी मांडली. अमुक समाजाचा माणूस तुम्हाला जावई म्हणून चालेल का? मित्र म्हणून? शेजारी म्हणून? सोबत कामाला? अशी उतरत उतरत ती थेट देशाबाहेर जाते. मी ती मराठीत आणली, दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करवून ताडून पाहिली. तरी धारूर तालुक्यातल्या एका ऊसतोड वस्तीवर पहिल्याच आजोबांनी विचारलं, "शेजारी म्हंजी घराला का रानाला?" हे पुस्तकात नव्हतं. घराशेजारी चालणारा माणूस बांधाला चालेलच असं नाही, हे बीडमध्ये कुणालाही विचारा.

पूर्वचाचणी पावसाळ्यात केली. दिवाळीच्या आगेमागे कोयते कारखान्यांकडे निघाले की वस्तीवर म्हातारी माणसं आणि पोरं उरतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी वसंत सरता सरता परततात. मी घरोघरी गेलो, चहा झाला, आणि बहुतेक प्रश्नावल्यांत मुसलमान जावई सोडला तर सगळ्याला हो. "आपल्यात काय भेद न्हाई, भाऊ." मी खूष. गावाला सांगायला चांगली बातमी होती.

सरांनी कागद चाळले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "नाव सांगून बसला होतास ना?"

अर्थातच सांगितलं होतं. संशोधकाने ओळख द्यावी, संमती घ्यावी, हे त्यांनीच शिकवलेलं. मग त्यांनी उरलेली घरं माझ्या मित्राला दिली. त्याचं आडनाव ऐकलं की गावात आधी पाहुणेरावळे जुळतात, मग प्रश्न सुरू होतात. त्याच्या कागदांवर 'शेजारी' या ओळीत कितीतरी नाही होते. मला वाटलं, माझे कागद खोटे आणि त्याचे खरे. सर म्हणाले, "दोन्ही खरे आहेत. तुझे तुझ्यासमोरचे, त्याचे त्याच्यासमोरचे. माणूस एकटा बसून मत देतोय असं समजू नकोस." सामाजिक इष्टतेची व्याख्या मला पाठ होती. त्या दिवशी ती पचायला जड गेली. दोन दिवस मी कागद उघडले नाहीत.

डिसेंबर 2022 मध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. मी तासिका तत्त्वावर शिकवायला लागलो आणि काम रखडलं. प्रबंधाच्या उशिराची बाकी कारणं सांगत बसत नाही.

मित्राच्या प्रश्नावल्या संगणकात भरताना एका कागदावरच्या घर क्रमांकावर थांबलो. नावं नव्हती, पण ते घर कोणतं हे मला कळलं. मी त्याच्या ओट्यावर पाणी प्यायलो होतो. 'शेजारी: नाही.' वास्तविक त्या घराची एक भिंत एका मुसलमान कुटुंबाशी सामाईक आहे. मी क्रमांक पुसून नवा संकेतांक टाकला. हे आधीच करायला हवं होतं.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर वस्तीवर गेलो तेव्हा ट्रॅक्टर उभा होता. भांडीकुंडी, कोपीचं सामान, गाडीवर चढलेली माणसं. त्याच घरातली बाई शेवटी निघाली. कुलूप लावलं आणि किल्ली शेजारच्या चाचीच्या हातात दिली. शेळीचं दावंही दिलं. शाळेत जाणारी मुलगी चाचीच्या दारात उभी होती, दप्तरासकट. सहा महिने ती तिथेच जेवणार, तिथेच झोपणार.

बोगार्डसच्या शिडीवर याला पायरी नाही. वहीत लिहून ठेवलं आणि सरांना दाखवलं. त्यांनी वाचलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, निरीक्षण म्हणून घे, पण त्या कागदाशी जोडू नकोस. कारण तो कागद कुणाचा, हे मला माहीत असायलाच नको होतं.