साखळ्यांपर्यंतचं अंतर

डिस्क गोल्फ शिकायला येणाऱ्या कुणाच्याही हातात मी पहिल्या दिवशी ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क, देत नाही. एक पटर, म्हणजे हळू फेकायची बोथट कडेची डिस्क, देते आणि त्याला क्लांब्रातूनवर घेऊन जाते. रेक्याविक शहराच्या मधोमध, मिक्लाब्रौत या वाहत्या रस्त्याला लागून असलेली ही बाग. एका अंगाला क्यार्वल्सस्तादिर हे 1973 साली उघडलेलं कलासंग्रहालय, मुलांचं खेळायचं आवार, बाकी सगळी हिरवळ आणि कडेकडेने झाडं. त्या हिरवळीत नऊ बास्केट रोवलेल्या आहेत. तिकीट नाही, नाव नोंदवायचं नाही. डिस्क घेऊन यायचं आणि पहिल्या टी-पॅडवरून, म्हणजे फेकीसाठी आखलेल्या जागेवरून, सुरुवात करायची.

खेळ समजायला सोपा आहे. ठरावीक जागेवरून डिस्क फेकायची, ती जिथे पडेल तिथे पायाजवळ खूण ठेवून पुढची फेक करायची आणि शेवटी लोखंडी खांबावर लोंबणाऱ्या साखळ्यांमध्ये मारून खालच्या जाळीच्या टोपलीत विसावू द्यायची. किती फेकी लागल्या ते मोजायचं. नऊ नाहीतर अठरा बास्केट झाल्या की बेरीज करायची, कमी फेकीवाला पुढे. गोल्फचा हिशेब तोच, पण इथे काठ्या लागत नाहीत, कापून मऊ केलेलं गवत लागत नाही, क्लबाची वर्गणीही भरावी लागत नाही.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते, संध्याकाळी या खेळाचे वर्ग घेते आणि नवे कोर्स आखताना अधूनमधून सल्ला देते. या तिन्ही कामांतून माझं एक मत पक्कं झालं आहे. वस्तीतल्या बागेतला छोटा कोर्स म्हणजे मोठ्या कोर्सची लहान मुलांसाठी काढलेली प्रत नव्हे. हा खेळ मुळात ज्यासाठी निघाला, ते तिथेच शिल्लक आहे.

हे का म्हणते, त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात ब्लॅडवर्थ नावाचं गाव आहे. तिथली शाळकरी पोरं 1926 च्या सुमारास डब्यांची पत्र्याची झाकणं फेकून गोल्फसारखा खेळ खेळत. पुढे अमेरिकेत फ्रिस्बी आल्यावर जागोजागी लोक झाडं, दिव्यांचे खांब, कचऱ्याचे डबे असं काहीही नेम धरायला घेऊन खेळू लागले. या पोरखेळाला बूड दिलं एड हेड्रिक यांनी. वॅम-ओ या कंपनीत काम करताना त्यांनी फ्रिस्बीच्या पाठीवर बारीक उंचवट्यांची वर्तुळं काढली, त्यामुळे तिचं उडणं स्थिर झालं. त्याचं पेटंट 1967 चं. कॅलिफोर्नियात ला कान्याडा फ्लिंट्रिज इथल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये 1975 साली त्यांनी पहिला कायमचा कोर्स आखला. तेव्हा नेम धरायला नुसते खांब होते. डिस्क खांबाला लागली की नाही यावरून वाद होत. साखळ्या आणि टोपली आली आणि वाद मिटला, कारण डिस्क आत बसली की ती सगळ्यांना दिसते. या बास्केटचं पेटंट 1977 चं आणि खेळाडूंची पीडीजीए ही संघटना त्याआधीच्या वर्षीची. हेड्रिक 2002 साली गेले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा डिस्कच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या गेल्या. माणसाचा जीव या खेळात किती गुंतला होता, हे सांगायला मला दुसरं काही लागत नाही.

1983 साली डेव्ह ड्युनिपेस यांनी कड निमुळती केलेली डिस्क आणली. समुद्रकिनाऱ्यावर फेकतात ती बोथट, रुंद फ्रिस्बी बाजूला पडली. त्या जागी आकाराने लहान, कडेला धार असलेल्या, हवा कापत जाणाऱ्या डिस्क आल्या. फेकींची लांबी वाढत गेली, ती इतकी की 2016 मध्ये अमेरिकेच्या वाळवंटात वाऱ्याचा फायदा घेऊन डेव्हिड विगिन्स ज्युनियर या तरुणाने 338 मीटर अंतर गाठलं. फेकी लांबल्या तसे कोर्सही लांबले आणि रानात, टेकड्यांवर गेले. तिथलं खेळणं देखणं असतं, मलाही आवडतं. पण कामावरून घरी आलेली बाई, नातवाचा हात धरून निघालेले आजोबा, शाळा सुटलेली पोरं त्या कोर्सवर सहज पोचत नाहीत. पोचली, तरी त्यांची डिस्क चाळीस-पन्नास मीटरवर पडते आणि बास्केट अजून दृष्टीसही आलेली नसते. एकेका बास्केटला सात-आठ फेकी लागल्या की माणूस हिरमुसतो. पुन्हा येत नाही.

आता पटरबद्दल. डिस्कवर बहुधा चार आकडे छापलेले असतात. पहिला वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा सुरुवातीच्या वळणाचा, चौथा शेवटच्या वळणाचा. इनोव्हा कंपनीच्या एव्हिअर या पटरवर 2, 3, 0, 1 असे आकडे सापडतील. त्याच कंपनीच्या डिस्ट्रॉयर या ड्रायव्हरवर 12, 5, उणे 1, 3. दुकानात गेलेला नवखा हटकून बारावाली उचलतो, कारण मोठा आकडा म्हणजे जास्त लांब असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात पहिला आकडा डिस्क किती वेगाने जाईल हे सांगत नाही. ती नीट उडायला फेकणाऱ्याने किती वेग द्यावा लागेल, हे सांगतो.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा ओढून, फेकली की डिस्क वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. हवेचा दाब तिला पुढून वर किंवा खाली कलंडवू बघतो, पण फिरणारी वस्तू त्या दिशेला कलंडत नाही. भोवऱ्याला वरून बोटाने ढकलावं तर तो ढकललेल्या बाजूला न जाता काटकोनात सरकतो, तसंच इथे होतं. भरपूर वेग असताना दाबाचा मध्य मागे सरकतो, पुढची कड खाली जायला बघते आणि डिस्क उजवीकडे झुकते. वेग कमी झाला की उलट होतं, ती डावीकडे कलते आणि जमिनीकडे येते. डिस्ट्रॉयरसारख्या डिस्कला पुरेसा वेग मिळालाच नाही, तर तिच्या उडण्यातला पहिला भाग होतच नाही. हातातून सुटल्या सुटल्या ती डावीकडे वळून गवतात घुसते. शिकणाऱ्याला वाटतं आपला नेम चुकला. नेम बरोबर असतो, डिस्क त्याच्या हाताजोगी नसते. बोथट कडेची पटर मात्र हळू फेकली तरी सरळ जाते आणि वाकडी गेलीच तर हात कुठे वाकडा झाला ते लगेच कळतं.

इथला वारा हा दुसरा शिक्षक. क्लांब्रातूनवर तो नसतो असा दिवस विरळा. समोरून वारा असला की डिस्कला तो जास्त वेगासारखाच भासतो. ती वर उचलली जाते, उजवीकडे लोळते. मागून असला की उचल कमी होते, ती लवकर खाली येते आणि डावीकडे ओढली जाते. डिस्क तिरपी होऊन तिचं पोट वाऱ्याला दिसलं, तर वारा तिला उचलून नेतो. लांब कोर्सवर या गोष्टी जोरकस हाताखाली झाकल्या जातात. छोट्या कोर्सवर, साठ मीटरच्या फेकीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं उड्डाण डोळ्यांसमोर घडतं. डिस्क कधी झुकली, कधी परतली, हे बघायला मिळतं आणि पुढच्या बास्केटला लगेच बदल करून पाहता येतो.

पुण्याहून आलेलं एक कुटुंब एकदा माझ्या वर्गाला आलं होतं. वडील क्रिकेट खेळलेले, खांदा दणकट. मुलगी दहा-अकरा वर्षांची. वडिलांची प्रत्येक फेक दंडातून निघायची, डिस्क थरथरत जायची आणि भलतीकडे पडायची. मुलीला मी अंगठा वर, चारही बोटं कडेच्या आत, डिस्क छातीजवळून सरळ रेषेत ओढायची, एवढंच सांगितलं. सुटताना तिचं मनगट आपोआप उघडलं. डिस्क अजिबात न थरथरता, फुटभर उंचीचा फरक न करता गेली आणि बास्केटच्या अलीकडे चार पावलांवर बसली. वडील म्हणाले, “बाळा, परत दाखव गं.” मग त्यांनी तिच्याकडे बघून आपला हात सैल सोडला. जोर कमी केल्यावर त्यांची डिस्क आधीपेक्षा लांब गेली. डिस्कला जोरापेक्षा फिरकी जास्त हवी असते, हे मी किती वेळा तोंडाने सांगितलं असतं, तरी त्यांना पटलं नसतं.

छोटा कोर्स आखणं मोठ्यापेक्षा कठीण आहे, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. रानात चूक खपते. बागेत डावीकडे बाबागाडी असते, उजवीकडे बाकावर कुणी वाचत बसलेलं असतं. बहुतेक खेळाडू उजव्या हाताने बॅकहँड फेकतात, म्हणजे त्यांच्या डिस्क शेवटी डावीकडे येणार. म्हणून पायवाट डावीकडे नको, असं पटकन सुचतं. पण नवख्याची खरी धोक्याची फेक उजवीकडे जाते. बोटं उशिरा सुटतात आणि डिस्क सगळा वेग घेऊन उजवीकडे निसटते. डावीकडे पडणारी डिस्क दमलेली असते, उजवीकडे जाणारी जोरात. त्यामुळे आराखडा हातात आला की मी आधी प्रत्येक टी-पॅडच्या उजवीकडे काय आहे ते बघते, बास्केट किती देखण्या जागी आहे ते नंतर. एखाद्या टी-पॅडवरून चालणाऱ्यांच्या डोक्यावरून फेकावं लागत असेल, तर ती जागा बदलायलाच हवी. त्यात तडजोड नाही. आणि आराखडा कितीही चांगला असला, तरी वाट मोकळी होईपर्यंत थांबणं हे खेळणाऱ्याचंच काम आहे. बाग सगळ्यांची असते.

दुसरी कसोटी शेवटच्या दहा मीटरची. नियमात या दहा मीटरच्या वर्तुळाला वेगळं स्थान आहे. त्याच्या आत फेकल्यावर तोल सावरून उभं राहायचं असतं, तोल जाऊन खुणेच्या पुढे पाय टाकला तर चूक धरतात. जिंकणं-हरणं बहुतेक वेळा इथेच ठरतं आणि इथे ताकदीचा काही उपयोग नसतो. आजी आणि नातू इथे खरोखर बरोबरीचे असतात. लांब कोर्सवर नवखा दमून या वर्तुळापर्यंत येतो. छोट्या कोर्सवर दुसऱ्या-तिसऱ्या फेकीला येतो, नऊ बास्केटना नऊ वेळा, आणि दर वेळी साखळ्या वाजवायची संधी त्याला मिळते. जूनमध्ये इथे रात्री अकरालाही लख्ख उजेड असतो, तेव्हा जेवणं उरकून आलेली घरंच्या घरं मी या वर्तुळात पैजा लावताना बघते. डिसेंबरात दिवस चार-साडेचार तासांचा, तरी काही जण डिस्कच्या पाठीवर चिमुकला दिवा चिकटवून खेळतात.

महाराष्ट्रातले ओळखीचे लोक विचारतात, आमच्याकडे बास्केट कुठून आणायच्या? त्यांना मी सांगते, आधी बास्केट नकोतच. जवळच्या मैदानात सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर जा. तीस ते पन्नास मीटर अंतरावरची सहा झाडं निवडा, ज्यांच्या उजवीकडे रस्ता नाही आणि बाकही नाही. खोडाला छातीच्या उंचीवर रंगीत फडक्याची पट्टी बांधा. खिळा ठोकू नका. डिस्क त्या पट्टीखाली खोडाला लागली की झालं. प्रत्येकाला एक पटर पुरे, 165 ते 175 ग्रॅमची, लहान मुलांसाठी थोडी हलकी. पहिल्या महिन्यात फेकी मोजू नका, पाच मीटरवरून खोडाला मारत राहा. ते जमलं की सात, मग दहा. पावसाळ्यात डिस्क ओली झाली तर हातातून निसटते, म्हणून कमरेला एक कोरडा पंचा खोचलेला असू द्या.